कापलेले श्वास

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती, तर शेवट तरी जरा बरा केला असता.

गेल्या हिवाळ्यातली रविवारची दुपार. रात्र नव्हती, वादळ नव्हतं, लाइटही गेलेली नव्हती. बाहेर शेजारी निवांत गाडी धूत होते. आणि माझ्या मावशीच्या घरात जे झालं, ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

मावशी अंध लोकांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. काकांचं अख्खं आयुष्य स्टुडिओत गेलेलं. निवृत्त झाल्यावर वरच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून बसले. मावशी वाचायची, काका साफ करायचे. खोकला, ठसका, पान उलटल्याची सळसळ, सगळं काढून टाकायचे.

"तुझी मावशी ऐकायला गोड वाटते ना, ती माझी कृपा," असं मला डोळा मारून सांगायचे.

पण एक गोष्ट त्यांनी कधीच कापली नाही.

श्वास.

"श्वास काढला ना ठमे, की माणूस मेलेला वाटतो."

पुढे काकाच गेले. काही महिने मावशीने पुस्तकाला हात लावला नाही. मग एक दिवस म्हणाली, वाचायचंय. पण गुडघ्यांमुळे तिचा जिना बंद झालेला, आणि काकांचं सॉफ्टवेअर त्या एकाच कॉम्प्युटरवर चालणारं. मी ऑफिसात नेटवर्क सांभाळते. म्हटलं, त्यात काय एवढं! घरच्या नेटवर्कवर तो प्रोग्रॅम शेअर करून दिला. चालायचा वर, दिसायचा खाली, मावशीच्या लॅपटॉपवर.

"म्हणजे स्वयंपाक वर आणि ताट खाली," मावशी म्हणाली.

वरच्या खोलीत मांजर शिरायचं, म्हणून कॉम्प्युटर चालू ठेवून मी दाराला कुलूप घातलं. किल्ली मावशीला दिली.

काही दिवसांनी तिचा फोन.

"ठमे, तू तिकडून माझा खोकला काढलास का गं?"

"नाही. का?"

"काल वाचताना खोकून खोकून बेजार झाले होते. आज ऐकलं तर... एकही नाही."

म्हटलं, सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी आपोआप चालू झालं असेल. 

"असेल," ती म्हणाली. आवाजात हसू होतं.

तिच्या मनात काय आलं, ते मला कळलं. मी विषय वाढवला नाही. तेवढाच तिला आधार.

पण पुढे फोनवर तिला दम लागायला लागला. दोन वाक्यं बोलली की थांबायची. विचारलं की म्हणायची, वय झालं. शेवटी त्या रविवारी मी न सांगता जाऊन थडकले.

ती चहा टाकायला गेली. मी हेडफोन लावले.

पहिली फाइल स्वच्छ होती. वाक्यांच्या मध्ये हलके श्वास. अगदी काकांच्या हातचं काम वाटावं असं.

पुढची... श्वास कमी झालेले.

मग कालची लावली.

मावशी वाचत होती. सलग. वाक्याला वाक्य लागून.

एकही श्वास नाही.

काका असं कधीच करणार नाहीत.

मग वर... कोण होतं?

"मावशी, किल्ली दे."

"कशाला? चाललंय ना सगळं नीट."

"दे गं."

तिने दिली. मनात नव्हतं तिच्या. "मी तोवर पुढचं वाचते," म्हणाली आणि माइकसमोर बसली.

वरचं कुलूप जसंच्या तसं होतं. खुर्चीवर धूळ. कॉम्प्युटर चालू. स्क्रीनवर मावशीच्या आवाजाची लाट हलत होती, आणि जिन्यातून तिचं वाचणं ऐकू येत होतं.

त्या लाटेच्या खाली आणखी एक ट्रॅक होता.

मी केलेला नव्हता. मावशीला तसलं काही करताच येत नाही.

बारीक बारीक तुकडे. एकाला एक चिकटवलेले. लांबच लांब. मी त्यातला थोडा भाग लावला...

श्वास.

मग श्वास... आणि पुन्हा श्वास...

मावशीचे. कापलेले ते सगळे श्वास फेकून दिलेलेच नव्हते. एकापुढे एक जोडून ठेवले होते. कोणीतरी शांतपणे झोपलंय आणि श्वास घेतंय, असं वाटत होतं.

मी झटकन बंद केलं.

आवाज थांबला नाही.

तो आता स्पीकरमधून येत नव्हता...

माझ्या पाठीमागून येत होता.

मी वळले. कोणी नव्हतं. पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं, तर वरच्या लाटेतला एक तुकडा तुटला आणि सरकत खाली आला. माऊसला माझा हातही नव्हता. मग दुसरा तुकडा. मग आणखी एक.

तेव्हा लक्षात आलं...

खालून वाचण्याचा आवाज येत नव्हता.

जिना कसा उतरले, मला आठवत नाही. मावशी माइकसमोर बसली होती. तोंड उघडं. हात छातीवर. डोळे माझ्याकडे. श्वास आत जातच नव्हता.

मी राउटरची वायर उपटली.

पाण्याखालून वर यावं तसा मावशीने श्वास घेतला. मग कितीतरी वेळ नुसती घेतच राहिली.

पुन्हा वर जायची माझी छाती झाली नाही. संध्याकाळीच मावशीला आमच्या घरी आणलं. डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, छाती ठणठणीत आहे.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर बंद करायला नवऱ्याला पाठवलं. तो येऊन म्हणाला, "बंदच होता की तो. पण त्या खोलीत कोण झोपतं गं? कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी कोंदट वाटली."



परवा धीर करून मावशीला म्हटलं, "ते काका नव्हते गं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "पहिल्या खोकल्यापासून माहीत आहे. ह्यांचा एकेक कट मी ओळखते."

"मग बोलली का नाहीस?"

मावशीने कपातला चहा संपवला.

"रोज कोणीतरी ऐकत होतं ना गं माझं..."

काल ऑफिसातून आले, तर ती लॅपटॉप उघडून बसलेली.

"ठमे, तुमच्या वाय-फायचा पासवर्ड काय गं?"

आठवत नाही, असं मी ठोकून दिलं. ती स्क्रीनकडे बघून हसली.

"राहू दे," म्हणाली. "लागलं आपोआप."

आत्ता तिच्या खोलीचं दार लोटलेलं आहे. बाहेर बसून मी हे लिहितेय. आत मावशी काहीतरी मोठ्याने वाचतेय. आवाज स्पष्ट आहे, गोड आहे.

मी फक्त एवढीच वाट बघतेय, की दोन वाक्यांच्या मध्ये तिने एकदा तरी थांबावं...