मोगरा माळायचा, मोगरी मारायची

नवी पेठेतल्या हत्यारांच्या दुकानात वैजयंतीने पटाशी घेतली आणि लाकूड कोरायचं म्हणून लोखंडी हातोडाही मागितला. तेव्हा शेजारी उभा असलेला तरुण न राहवून बोललाच, "पटाशीची मूठ फुटंल की, मॅडम! मोगरी लागती तिला."

"मोगरी? म्हणजे… मोगऱ्याची बहीण?"

तो असा हसला की दुकानदारानेही मान वर केली. "मोगरा माळायचा, मोगरी मारायची! लाकडी हातोडा हो. विकत कशाला, हातानं करा. अक्कलकोट रोडला माझं वर्कशॉप हाय. रविवारी या, शिकवतो."

बँकेत दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या वैजयंतीला हाताने काहीतरी घडवायची भारी हौस. गेली. त्याचं नाव अजिंक्य. बाभळीचा ठोकळा कापायला त्याने शिकवलं, त्यात दांड्यासाठी आरपार भोक पाडायला शिकवलं. करवत तिरकी गेली की तो तिच्या हातावर हात ठेवायचा आणि चटका बसल्यासारखा लगेच उचलायचा. वेडा कुठला! आणखी क्षणभर ठेवला असता, तर काय बिघडणार होतं?

पण एकदा दांडा बसला की मोगरी तयार, मग कुठल्या तोंडाने यायचं? म्हणून घासायला घरी नेलेला दांडा तिने मुद्दाम जास्तच घासला. ढिला झाला. दुसरा केला, त्याचीही तीच गत.

"लई घासताय तुमी," अजिंक्य गंभीरपणे म्हणायचा, आणि तिला हसू आवरायचं नाही.

तिसरा दांडा मात्र जागीच घट्ट बसला. "पाचर पुढच्या रविवारी मारू," तो म्हणाला. "दांडा काढून घरी न्या, लाकूड जरा सुकू दे."

आणि मधल्या गुरुवारी तिची सांगोल्याला बदली झाली.

रविवारी ती आली ती जड पायांनी. आठवडाभर दांड्याला तिने बोटही लावलं नव्हतं. लबाडी पुरे, आज मोगरी पुरी करायची आणि तो काही बोलतो का ते बघायचं, असं तिने ठरवलं होतं. ठोकळा त्याच्याकडेच होता. तिने दांडा आत सरकवला… तर तो खुळखुळ्यासारखा हलला!

"असं कसं? या वेळी तर मी घासलाच नाही!"

बोलून गेली आणि जीभ चावली.

"या वेळी?" अजिंक्यच्या भुवया वर गेल्या. "म्हंजे आधीचे दोन—"

"ते राहू दे! हे भोक कुणी मोठं केलं?"

अजिंक्य वरच्या पत्र्याकडे बघायला लागला. कान लालबुंद. "मीच… पाचर बसली असती, तर तुमी परत आला नसता की."

वैजयंतीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतके दिवस हेच तर ऐकायचं होतं! "पण उद्यापासून मी सांगोल्याला. बदली झालीय माझी."

तो हळूच म्हणाला, "का? सांगोल्यात रविवार नसतोय व्हय?"

त्याने खिशातून पानात बांधलेली पुडी काढली. आत मोगऱ्याचा गजरा, थोडा चुरगळलेला, भुसा लागलेला. "आज बोलायचंच म्हणून आणलाय. हा… माळायचा."

वैजयंतीने भरल्या डोळ्यांनीच हसून पाठ फिरवली, वेणी मागे टाकली.

"मग बघतोस काय? माळ की!"