वार्षिक अहवाल, रोज थोडा थोडा

सोमवारी ऐनवेळी साहेबांचा घसा बसला आणि कंपनीचा वर्षाचा निकाल चाळीस ड्रायव्हर-हमालांना मराठीत समजावून सांगायचं काम अंजलीच्या गळ्यात पडलं.

जगभर पार्सलं पोचवणाऱ्या या कंपनीची चाकणची शाखा म्हणजे पत्र्याची मोठी शेड आणि काचेची एक केबिन. त्या केबिनमध्ये अंजली तीन वर्षं हिशेब बघत होती. आईवडील हिंगोलीला, खोली रहाटणीत. जाता-येता बसची खिडकी, खोलीवर मेसचा डबा. दिवसभरात तिच्याशी जे कुणी बोलत, ते आकड्यांबद्दलच बोलत.

"यंदा जगभरातला नफा नऊ टक्क्यांनी वाढला," तिने पडद्यावरचं वाचलं. टाळ्या पडल्या.

मागून एक हात वर झाला. "नफा वाढला म्हनता... मग मॅडम, माझी गाडी रोज निम्मी रिकामी का जाती?"

हशा पिकला. संध्याकाळी कारखान्यांतून पार्सलं गोळा करणारा नवनाथ होता तो, मावळातला. अंजलीने घाईने पडद्यावर पुढचं पान आणलं. सभा संपल्यावर तो केबिनच्या दारात आला, तेव्हा मात्र हसत नव्हता.

"भोसरीतल्या एका कारखान्यानं कामाला बोलावलंय. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. इथली माझ्या गाडीची लाइन टिकणार आसंल तर न्हाई जायचो. तेवढं बघून सांगा."

"बघते," ती म्हणाली. "उद्या या."

दीडशे पानांचा इंग्रजी अहवाल तिने त्याच दिवशी बसमध्ये उघडला आणि रहाटणी येईपर्यंत सगळं कळलं. पार्सलं सगळीकडेच घटली होती. दर चढवून आणि खर्च छाटून नफा काढला होता. पुढच्या छाटणीची यादी सोबत होती. ती काही गुप्त नव्हती, पण चाकणमध्ये कुणी उघडली नव्हती. तिच्यात चाकणची संध्याकाळची लाइन होती, म्हणजे नवनाथचीच गाडी... जूनपासून बंद.

दुसऱ्या दिवशी साडेचारला नवनाथ चहाचे दोन कप घेऊन आला. तीन वर्षांत तिच्यासाठी कुणी चहा आणला नव्हता. सगळं सांगायचं ठरवलेली अंजली एवढंच म्हणाली, "लोक विमानाऐवजी जहाजाने माल पाठवतायत."

"आन् बाकीचं?"

"बाकीचं... उद्या."

"रोज एकच पान वाचता व्हय?" तो दाराशी असलेल्या मालाच्या वजनकाट्यावर टेकला.

"काट्यावर बसू नका, वजन नोंदलं जाईल."

"नोंदवा की. मला जर्मनीला धाडायचं किती पडंल?"

"कंपनीला परवडणार नाही."

"मग ठिवा हितंच," तो म्हणाला आणि तिच्याकडे बघत राहिला. अंजलीने घाईने संगणकात डोकं घातलं.

बुधवारी तिने दरवाढ सांगितली, गुरुवारी डॉलरचा भाव. रोज साडेचारची वाट बघायची आणि रोज बसमध्ये स्वतःची लाज वाटून घ्यायची. त्याची नोकरी जाणार होती, आणि ही बया त्याचा चहा पीत होती.

शुक्रवारी नवनाथने फोन हातात घेतला. "भोसरीला न्हाई म्हनून सांगून टाकतो. हितंच बरं वाटतंय... हल्ली."

"थांबा," अंजली म्हणाली, आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "हे कदी कळलं तुमाला?"

"सोमवारीच."

"आन् सांगितलं न्हाई."

"सांगितलं असतं तर... मंगळवारी तुम्ही आला नसतात."

तो बाहेर गेला. काचेतून तिला तो फोनवर बोलताना, मान हलवताना दिसला. आता परत येणार नाही, हे तिने स्वतःला समजावून सांगितलं. तो आला.

"सोमवारी हजर व्हायचंय भोसरीला."

"रागावलात?"

"रागावलोय. लई." त्याने फोन खिशात टाकला. "पन राग उतरल्यावर कुठं यायचं, तेवढा पत्ता सांगा."

अंजली पत्ता सांगू लागली. रहाटणीची गल्ली, दुसरा मजला... एवढं सांगून झालं, पण तिथे तिला भेटायला अजून कुणी आलंच नव्हतं, पत्ता कधी सांगावाच लागला नव्हता. खालच्या दारावरचं इमारतीचं नाव तिला आठवेना.

"असू द्या," नवनाथ म्हणाला. "विचारत येईन."