पोळ्याच्या रंगाचं घड्याळ

निमगाव केतकीहून बारामतीला निघालेली एसटी खड्ड्यात आदळली आणि अनिसाच्या मांडीवरचं गाठोडं वाजलं – टण्ण! सगळी गाडी हसली. शेजारचा तरुण मात्र हसला नाही. डोळे मिटून तो नाद विरेपर्यंत ऐकत राहिला.

"ठोक्याचं घड्याळ हाय ना? सोडा की गाठ, बघू द्या."

"कुणालाबी दाखवायला न्हाय आणलं. शहबाज घड्याळवाल्यांच्या दुकानात निघालेय."

"मग सोडाच," तो म्हणाला. "शहबाज मीच."

आता काय करता!

दुकानात त्यानं गाठ सोडली आणि अनिसाचे कान तापले. कोनाड्यात ठेवायचं ते देखणं घड्याळ… लाल, निळं, हिरवं, भडक! तिचे आजोबा, बाबूलालआबा, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून झाली की उरलेला रंग घड्याळाला फासायचे. 'त्येबी वर्षभर राबतंय,' म्हणायचे. चावी द्यायचा मान मात्र लहानग्या अनिसाचा. जाताना आबा घड्याळ तिलाच देऊन गेले. पण अब्बांचं म्हणणं – भारी मोलाचं निघालं तर विकू, नाहीतर ठेव तुझ्यापाशी.

शहबाजनं मागचं दार उघडून पितळेवरचा छाप भिंगातून पाहिला, मग टवका उडालेल्या जागचं लाकूड. त्याची बोटं इतकी हळुवार फिरत होती, की अनिसा घड्याळ सोडून बोटांकडेच बघत बसली.

"जर्मन बनावट. शंभरेक वर्षांचं. अक्रोडाचं लाकूड… काय देखणं हाय हो!" म्हणताना त्याची नजर तिच्याकडे गेली.

"घड्याळ ना?"

"मघापर्यंत घड्याळच म्हणत होतो…" तो पुटपुटला आणि घाईघाईनं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

तिला हसू आलं. पण एवढं मोलाचं म्हणजे अब्बा विकणारच. "भंगार हाय म्हणून सांगा की अब्बांना… माझ्यासाठी."

"खोटं न्हाय बोलणार मी. रंग खरवडला तर पुण्याचा व्यापारी पळत येईल. रंगासकट कुणी हात लावायचा न्हाय."

तिला त्याचा भयंकर राग आला. आणि त्याच कारणानं तो आवडलाही.

बाजारच्या दिवशी अब्बा अनिसाला घेऊन दुकानात आले. शहबाजनं सगळं खरं सांगितलं.

"मग खरवड की," अब्बा म्हणाले.

त्यानं खरवडणी त्यांच्याच हातात दिली. "तुमीच करा सुरुवात, चाचा. हितनं."

लाल रंगात एक अंगठा उमटला होता. रुंद, कडेला चिरलेला. अब्बांनी त्यावर आपला अंगठा टेकवला आणि बराच वेळ उचललाच नाही. आबांच्या मातीलाही न रडलेल्या माणसाचे डोळे भरले.

"ऱ्हाऊ दे, पोरी," ते खरवडणी ठेवत म्हणाले. "तुझंच हाय." मग नाक पुसत शहबाजकडे वळले. "चावी कवा द्यायची रं हेला?"

"आठवड्यातनं एकदा. पण… सरावलेला हात लागतो, चाचा. मीच येत जाईन."

खोटं न बोलणारा माणूस धडधडीत खोटं बोलला! अनिसानं ओढणीत हसू लपवलं आणि अगदी गरीब चेहरा केला.

"व्हय अब्बा… मला न्हाय जमत."