नाकबसवणी

आर्वीचं नाक उद्या सकाळी सात वाजता बसणार होतं. इचलकरंजीत आता ही रीतच पडली होती: मुलगी अठराची झाली की शस्त्रक्रिया करून नाक सरळ करून घ्यायचं, पूर्वी कान टोचायचे तसं. आदल्या दिवशी बायका जमायच्या, मुलीची ओटी भरायच्या.

आर्वी बाहेर आली ती चेहऱ्यावर बारीक विणीची जाळी बांधून.

"अगं, ही काय मच्छरदाणी?" नीताआत्या म्हणाली.

"नजरजाळी, आत्या. कॉलेजच्या मागावर मीच विणलीय. बघणाऱ्याच्या डोळ्यांतून किंचित प्रकाश परततो, तो हा धागा टिपतो. नजर पडेल तिथं उजळतो. बघ माझ्या नाकाकडं."

आत्यानं रोखून पाहिलं. नाकाच्या शेंड्यावर केशरी ठिपका उमटला.

"दिसतंय की नाक! म्हणून तर बसवायचं," आत्या हसली.

"आता सगळ्याजणी नाक विसरा आणि पोहे खा," आर्वी म्हणाली.

ती बशा देत फिरली, चेष्टामस्करी करत राहिली. केशरी ठिपके तिच्या डोळ्यांभोवती, ओठांवर नाचत होते. शेजारच्या खोतकाकूंच्या ते आधी लक्षात आलं. "अगंबाई, नाक विझलेलंच आहे की!"

तेवढ्यात ते लख्ख उजळलं.

"कोण बघतंय?" आर्वीनं विचारलं.

बायकांनी वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात आर्वीची आई, शीतल, चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"मी नाही बघणार तर कोण?" ती फटकन म्हणाली. "पुढं लोकांनी बोलायच्या आधी?"

आर्वीनं जाळी सोडली, आईच्या चेहऱ्यावर बांधली आणि तिला कपाटाच्या आरशासमोर नेलं. "आता स्वतःकडं बघ. आरशातून परतलेली नजरही धरते ही."

शीतलच्या नाकाची डावी कड उजळली, मग उजवी. मग हनुवटी, गालावरचा वांग, पुन्हा नाक. ठिपका माशीसारखा भिरभिरत राहिला. डोळ्यांपाशी एकदाही टेकला नाही.

"वहिनी," नीताआत्या हळूच म्हणाली, "तुमचं तर लग्नाआधीच बसवलंय ना?"

शीतलचा फोन वाजला. दवाखान्यातून होता. "सकाळी साडेसहालाच हजर राहा, उपाशीपोटी. नक्की ना?"

"एक मिनिट धरा." तिनं जाळी उतरवली, हातात चुरगळली आणि लेकीकडं वळली.

"मला कुणी विचारलं नव्हतं गं, आर्वी. तू सांग, तुला बसवायचंय?"