अर्गिरोची फांदी

"हे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि ठेवलाच, तर मी त्याला शहाणा म्हणणार नाही," असं म्हणून स्टाथिस म्हाताऱ्याने कॉफीचा कप बाजूला सरकवला.

तेलाच्या घाण्यावर आपल्या ऑलिव्हच्या पोत्यांची पाळी येईपर्यंत गावकरी दुपारचे कॉफीच्या दुकानात बसले होते. त्यांच्यामागे दाराजवळ मेल्पो येऊन बसली. हान्या शहरातल्या रोपवाटिकेतली ही बाई बेटभर जुने ऑलिव्ह धुंडाळत हिंडते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिने कोट काढला नाही.

म्हाताऱ्याने नवरींच्या झाडापासून सुरुवात केली. गावात आलेली प्रत्येक नवरी माहेरच्या ऑलिव्हची काडी आणायची, आणि सासू चर्चमागच्या जुन्या झाडावर तिचं कलम बांधायची, नवरीच्याच रुमालाची चिंधी फाडून. बाई वारली, की घरच्या माणसाने झाडापाशी जाऊन तिच्या फांदीला तसं सांगायचं. मग फांदी वाळायची. एका उतावळ्या दिराने म्हणे नुसत्या आजारी भावजयीच्या मरणाचाच निरोप पोचवला. पानं गळायला लागली तशी ती अंथरुणातून उठली आणि झाडू घेऊन त्याच्या मागे लागली.

सगळे हसले. मेल्पो हसली नाही.

गेल्या हिवाळ्यात ती इथे आली, तेव्हा झाडावर वाळल्या फांद्या कापल्याचे करवतीचे वण होते आणि एकच हिरवी फांदी. अर्गिरोची, म्हणजे स्टाथिसच्या बायकोची. अर्गिरोची कबर चर्चच्या आवारातच होती. संगमरवरावरचा फोटो मेल्पोने पाहिला होता; म्हणजे फांदीला कुणी सांगितलंच नव्हतं. रूढीबिढीवर तिचा विश्वास नव्हता. तिने पानं तपासायला दिली. बेटावरच्या कुठल्याच झाडाशी ती जुळली नाहीत. जास्त तेल देणारी एकच जात लावायच्या नादात अर्गिरोच्या माहेरच्यांनीही जुनी झाडं उपटून टाकली होती. ही फांदी गेली की जात संपली.

काड्या घेऊ का, म्हणून तिने स्टाथिसला विचारलं. त्याने शिडी धरली. "हळू काप, पोरी," एवढंच म्हणाला.

कापलेली जागा हाताला कोमट लागली. आभाळ भरलेलं होतं.

बऱ्याचशा काड्या कुजल्या. जिने पहिल्यांदा मूळ धरलं, तिच्या कुंडीला मेल्पो पोचायच्या आधीच पाणी घातलेलं असे. माळ्याने मुलाबाळांची शपथ घेतली. तिने काचघराला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी माती ओलीच होती, आणि आत चुलीच्या धुराचा वास होता.

मग एका सकाळी काचघरात पाठमोरी बाई दिसली. डोक्याला रुमाल, मांडीवर रानभाजी निवडायला घेतलेली. मेल्पोच्या हातात किल्ली तशीच राहिली.

"दार लोट, वारा येतो," बाई म्हणाली.

आठवड्याने आणखी एका रोपाने मूळ धरलं. पाठमोऱ्या बायका दोन झाल्या.

फांदीला सांगितलं तर त्या जातील. रोपंही जातील. असं काही नसतं, हे मेल्पोला आता छातीठोकपणे म्हणता येईना.

इकडे दुकानात म्हातारा शेवटाला आला होता. पोरीची रोपं जगली, जात वाचली, तेव्हा मीही टोपी काढली आणि झाडापुढे उभा राहिलो, असं तो सांगत होता. म्हटलं, अर्गिरो, तू वारलीस गं. संध्याकाळपर्यंत पानं गळाली. सुटली बिचारी.

एकाने क्रूसाची खूण केली.

"खोटं, बार्बा स्टाथिस," मागून मेल्पो म्हणाली.

सगळे वळले.

"मी आत्ता झाडापासूनच आले. फांदी हिरवीगार आहे."

म्हातारा टेबलाकडे बघत राहिला. "सांगितलं असतं तर तुझी रोपं वाळली असती, पोरी."

"म्हणून तर माझीही जीभ रेटत नाही." तिचा आवाज अगदी साधा होता. "पण आज पाचव्या रोपाने मूळ धरलं. बाहेर गाडीत पाच अर्गिरो बसल्या आहेत. तुम्ही जेवलात का, विचारताहेत."