आपल्यातच ठेवावी

लिफ्टचं दार उघडलं, वहिनी आणि भाऊजी आत शिरले, तोच लिफ्ट बोलायला लागली.

"नमस्कार. तळमजला," एका बाईचा स्वच्छ, गोड आवाज म्हणाला. मग जरा खरखर झाली आणि तोच आवाज अडखळत पुढे बोलला, "शुक्रवारी आपण तिसऱ्या मजल्यावरची जागा रिकामी करत आहोत. तिथल्या सर्वांना निरोप दिला जाईल. ही बातमी आपल्यातच ठेवावी."

भाऊजी फिस्सकन हसले. "ऐकलंत वहिनी? अख्ख्या इमारतीला ओरडून सांगायचं आणि वर म्हणे आपल्यातच ठेवा! आणि 'जागा' कशी म्हणते बघा. जिना, जीभ यातला ज लावलाय. परदेशातून आल्यासारखी बोलते."

"ऐकलं. आणि गप्प बसाल तर पुन्हा ऐकेन."

पुन्हा ऐकायला काही कष्ट नव्हते. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर तेच सांगत होती, अगदी सकाळपासून, आणि ती कशी बंद करायची हे कंपनीत कोणालाच ठाऊक नव्हतं. कंपनीचा धंदा काय? तर लिफ्टना बोलायला शिकवणं. आता यावर काय बोलावं!

वहिनी खासगी तपासनीस. आधी विमा कंपनीत खोटे दावे पकडायच्या, नंतर वरिष्ठांशी वाजलं म्हणून स्वतःचं दुकान थाटलं. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. ते गाडी चालवायचे, पिशवी धरायचे आणि चुकीचे निष्कर्ष काढायचे.

कंपनी एके काळी खरंच चांगली होती. उंच इमारत म्हटली की लिफ्टमध्ये हिचाच आवाज. मग आताचे साहेब आले आणि दर तीन महिन्यांनी कंपनीला नवी दिशा मिळू लागली. आधी लिफ्टने गाणी म्हणायची ठरलं. मग लिफ्टने तब्येतीचा सल्ला द्यायचा ठरलं. मग लोकांनी लिफ्टला मेसेज पाठवायचे आणि तिने ते वाचून दाखवायचे. लोकांना बिचाऱ्यांना फक्त चौथ्या मजल्यावर जायचं होतं.

दिशा बदलली की माणसं काढायची. साहेब तेवढे कायम.

साहेबांच्या केबिनबाहेर मोठ्ठी पाटी होती : 'इथे आम्ही नाही, तुम्ही नाही. इथे फक्त आपण!' आत साहेब फेऱ्या मारत होते.

"या, या. आपण कॉफी घेऊ." त्यांनी फोन काढला, न बघताच पडद्यावर बोट दाबलं आणि कानाला लावला. "दोन कॉफी पाठवा. लवकर." फोन खिशात. "हे बघा, आपल्याला तपास नकोय. आपल्याला पुरावा हवाय. गुन्हेगार आपल्याला माहीत आहे."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"बाहेरच्या माणसाने सांगितलं की वजन येतं. लिफ्टचा आवाज ज्या बाईंचा आहे, त्या तिसऱ्या मजल्यावरच बसतात. रेकॉर्डिंगच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे. आपण मजला बंद करणार हे त्यांना कुठून तरी कळलं आणि त्यांनी हा तमाशा केला. वर 'आपल्यातच ठेवावी' म्हणून आपली टिंगल! आज संध्याकाळी आपण त्यांना शिस्तभंगाखाली काढतोय."

"मजला बंद करायचं आधी कोणाकोणाला माहीत होतं?"

"फक्त लीडरशिपला. आपण काल रात्री सगळ्यांना मेसेज करून कळवलं होतं. एकानेही विरोध केला नाही. एक शब्द नाही. याला म्हणतात एकमत."

दारावर टकटक झाली. एक माणूस टोपी काढून उभा होता. "साहेब, गाडी काढली. पण दोन कॉफी कुठे पोचवायच्या?"

भाऊजींनी हसू दाबायला खिडकीबाहेर पाहिलं. साहेब चिडून म्हणाले, "आपण कॉफीवाल्याला लावला होता!" आणि त्यांनी ड्रायव्हरला पिटाळलं. कॉफी काही आली नाही.

बाहेर आल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, केस सोपी आहे. आवाज बाईंचा, किल्ली बाईंची, राग बाईंचा. दुपारच्या आत घरी."

"भाऊजी, तुमचं डोकं घड्याळासारखं आहे. बंद पडलेल्या."

आवाजवाल्या ताई तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या छोट्या खोलीत बसल्या होत्या. बाहेर अर्धी टेबलं आधीच रिकामी होती, मागच्या कपातीतली. ताईंच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, पण बोलल्या तेव्हा तोच लिफ्टमधला आवाज. भाऊजी नकळत बाजूला सरले, दार उघडेल म्हणून.

"मी नाही केलं हो," ताई म्हणाल्या. "नोकरी जाणार ते जाऊ दे. कधीतरी जाणारच होती. पण मला एका इस्पितळाने बोलावलंय, तिथल्या घोषणा रेकॉर्ड करायला. उद्या जुन्या कंपनीचा दाखला घेऊन या म्हणालेत. त्यावर यांनी शिस्तभंग लिहिला तर मला कोण दारात उभं करील? माझ्याकडे विकायला आवाजाशिवाय आहेच काय?"

"लिफ्टमधला आवाज तुमचाच ना?"

"माझा आहे आणि माझा नाही. ऐकवतही नाही मला तो. मी अशी बोलते का?"

"तेच वाक्य एकदा म्हणून दाखवा. मजला रिकामा करायचं."

ताईंनी म्हटलं. मधाची धार जणू. भाऊजींनी मान डोलावली.

"राग आहे साहेबांवर?"

"नसेल का? मागच्या वेळी माझ्या शेजारच्या चौघांना काढलं, तेव्हा पत्रात काय होतं? 'आपण आपला निरोप घेत आहोत.' कोण कोणाचा निरोप घेतंय हे कळायला त्यांना दुपार झाली. पण म्हणून मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना लिफ्टमध्ये असं ऐकवीन? सकाळी एक पोरगी वर येऊन जिन्यात रडत बसली होती."

पुढे उंच इंजिनियर. साडेसहा फुटांचा, कंपनीवर उखडलेला, आणि ते लपवायची त्याला अजिबात गरज वाटत नव्हती.

"लिफ्ट गप्प का करत नाही?" वहिनींनी विचारलं.

"करणारा माणूस काढला."

"कोणी काय टाकलं याची नोंद?"

"ती बघणारी मुलगी काढली."

"लिफ्टला मेसेज पाठवायची ती सोय?"

"ती तर कधीच बंद झाली. ती अख्खी टीमच काढली."

"सोय बंद केली की टीम काढली?"

इंजिनियरने डोकं खाजवलं. "एकच ना ते?"

"एकच का?"

"...साहेबांना विचारा. त्यांचंच लाडकं बाळ होतं ते. पहिला मेसेज त्यांनीच पाठवला होता, सगळ्यांना बोलावून, टाळ्या वाजवून घेतल्या होत्या. आम्ही... म्हणजे आपण... जाऊ दे मरू दे, आम्ही! आम्ही महिनोन्‌महिने राबलो त्याच्यावर."

भाऊजी वहिनींच्या कानाशी लागले. "हाच. उंचही आहे, चिडलेलाही आहे."

"उंचीचा काय संबंध?"

"असंच वाटलं."

शेवटी मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख. ऑफिसात त्यांना हसऱ्या बाई म्हणत, कारण माणसाला काढतानाही त्यांचं हसू ढळत नसे. आज मात्र ते एका बाजूने सुटलं होतं.

"पुरावा मिळाला?" त्यांनी विचारलं. "मला संध्याकाळपर्यंत कागद तयार करायचेत."

"तुम्ही लीडरशिपमध्ये आहात?"

"कागदोपत्री!" हसू साफ गळून पडलं. "माणसं काढायचं खातं माझं, आणि अख्खा मजला निघतोय हे मला कोणी सांगितलं? लिफ्टने! हातात डबा घेऊन उभी होते मी. विक्रीचे प्रमुख शेजारी, त्यांचंही तोंड उघडंच्या उघडं. साहेबांना जाब विचारायला गेले तर म्हणतात, आपण सगळ्यांनी मिळूनच ठरवलंय. कधी ठरवलं? कुठे ठरवलं?"

"मग आवाजवाल्या ताईंवर ठपका का?"

"साहेबांनी सांगितलं. आणि आवाज त्यांचाच आहे ना."

वहिनी उठल्या. त्यांच्या कपाळाची शीर उडत होती, आणि भाऊजींना एवढं मात्र पक्कं कळत असे की ती शीर उडाली की केस सुटलेली असते आणि कोणाची तरी खैर नसते.

"ताईंना आणि इंजिनियरला बोलवा, आणि चला सगळे साहेबांकडे. जिन्याने. त्या लिफ्टचं पुन्हा ऐकलं तर मी तिला लाथ घालीन."

केबिनमध्ये पाच जण मावले, उंच इंजिनियर जरा वाकून. साहेब खुशीत होते. "मिळाला पुरावा?"

"मिळाला. भाऊजी, लिफ्ट 'जागा' कशी म्हणते ते म्हणून दाखवा."

भाऊजींनी जिन्याचा ज लावून म्हटलं. इंजिनियर खो खो हसला.

"आता ताई, तुम्ही म्हणा."

"जागा," ताई म्हणाल्या, जसं घराघरात म्हणतात तसं.

"साहेब, आपल्या भाषेत ज दोन, पण लिहायला अक्षर एकच. 'जागा' आणि 'जिना' यातला फरक बोलणाऱ्याला सांगावा लागत नाही, लहान पोरही चुकत नाही. चुकतं कोण? ज्याच्यापुढे नुसतं अक्षर आहे आणि ज्याने जन्मात घर पाहिलं नाही ते. म्हणजे यंत्र. ताईंनी हे वाक्य रेकॉर्ड केलेलं नाही. कोणीतरी ते टाइप केलं आणि लिफ्टने ताईंच्या जुन्या रेकॉर्डिंगचे तुकडे जोडून वाचून दाखवलं. 'तळमजला' नीट म्हणते, कारण तो ताईंनी खरंच म्हटलाय."

"पण मेसेजची सोय आपण बंद केली," साहेब म्हणाले.

"तुम्ही माणसं बंद केलीत. सोय चालूच राहिली. ती बंद करायला कोणी उरलं नाही म्हणून."

इंजिनियरने कपाळावर हात मारून घेतला.

"म्हणजे याने केलं!" साहेबांचं बोट इंजिनियरकडे वळलं.

"थांबा हो जरा! सकाळपासून नुसती बोटं दाखवताय." वहिनींचा आवाज चढला. "'ही बातमी आपल्यातच ठेवावी.' तुम्हाला सगळ्यांना ती टिंगल वाटली. मला आधी तसंच वाटलं. पण टिंगल नसेल तर? ज्याने लिहिलं त्याने मनापासून लिहिलं असेल तर? मग तो मेसेज लिफ्टसाठी नव्हताच. तो चार विश्वासातल्या माणसांसाठी होता आणि चुकून दुसरीकडे गेला. अशा चार माणसांना काल कोणी मेसेज केला होता?"

वहिनी साहेबांकडे वळल्या.

"तुम्ही, साहेब. तुम्हीच मला सांगितलंत. एकानेही एक शब्द उत्तर दिलं नाही, याला तुम्ही एकमत म्हणालात. आणि या बाई म्हणतात, त्यांना लिफ्टकडून कळलं. विक्रीच्या प्रमुखांनाही. त्यांनी विरोध केला नाही, कारण त्यांना मेसेज मिळालाच नाही. हसऱ्या बाई, तुमचा फोन बघा. कालचा साहेबांचा मेसेज आहे?"

बाईंनी फोन वरखाली सरकवला. "नाही. काहीच नाही."

"साहेब, तुम्ही न बघता बोट दाबता. कॉफी मागवलीत तर ड्रायव्हर आला. तुमच्या फोनमध्ये त्यांची नावं काय आहेत?"

हसऱ्या बाईंनी सांगून टाकलं, "'आपली कार' आणि 'आपली कॉफी'. सगळ्यांची सुरुवात 'आपली'नेच. नियम आहे."

"आणि लीडरशिपचं?"

साहेबांनी फोन काढला. एकाखाली एक दोन नावं होती : 'आपली लिफ्ट'. 'आपली लीडरशिप'. वहिनींनी पहिल्यावर बोट ठेवलं. कालचा मेसेज तिथे जसाच्या तसा होता, शेवटच्या ओळीसकट.

भाऊजी हळूच म्हणाले, "अरे देवा."

साहेब खुर्चीत बसले. घाम पुसला. मग त्यांचा चेहरा पूर्ववत होऊ लागला, आणि वहिनींना ते होताना बघूनच चीड आली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "होतं असं. आपल्याकडून चूक झाली. आपण सगळेच यातून शिकू."

"आपल्याकडून?" ताई पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या. "मी काय केलं यात? या पोराने काय केलं? सकाळपासून अख्खा मजला माझ्याकडे चोरासारखा बघतोय. माझ्याबरोबर जेवायला कोणी बसलं नाही. मला दाखला आत्ता हवा, स्वच्छ. आणि खाली येऊन सगळ्यांना सांगा."

"आपण एक छानसा मेसेज..."

"नाही!" साहेब सोडून सगळे एकदम ओरडले. भाऊजींचा आवाज सगळ्यात मोठा होता.

दाखला तिथेच तयार झाला. हसऱ्या बाईंनी टाइप केला, साहेबांनी सही केली. ताईंनी तो तीनदा वाचला आणि मगच पर्समध्ये ठेवला.

तिसऱ्या मजल्यावर लोक खोकी भरत होते. साहेब मधोमध उभे राहिले, पण खोकी भरणं काही थांबलं नाही.

"मित्रहो, आपल्याकडून..."

"कोणाकडून?" मागून कोणीतरी विचारलं.

साहेबांनी ओठ ओले केले. "माझ्याकडून. मेसेज मी पाठवला. चुकून. यांचा काही संबंध नाही."

एकदोघांनी ताईंकडे पाहिलं. शेजारच्या टेबलावरची मुलगी येऊन त्यांचा हात धरून उभी राहिली.

"आणि शुक्रवार?" तिनेच मग साहेबांना विचारलं. "तोही चुकून का?"

"नाही," साहेब म्हणाले. "शुक्रवार तसाच आहे."

ताईंनी पर्स खांद्याला लावली.

"बघा," त्या साहेबांना म्हणाल्या, "सांगता येतं की तोंडाने." आणि त्या मुलीचं खोकं उचलायला वाकल्या.