मुकुंद टॉवरवर असताना

भूमिका, तो मोबाइल ठेव वं पालथा. अन् अंकित, तू हसू नको गा. हसायचं असेल तर खाली जाऊन हस. मी काही मनचं सांगत नाही. हे आमच्या चंद्रभानसोबत झालं. प्रताप नगरात तीस वर्षं माझ्या शेजारी राहिलेला माणूस. खोटं बोलायची त्याले अक्कलच नाही.

सतरा जानेवारी, दोन हजार तेवीस. मंगळवार. बायकोनं लोणच्यासाठी लिंबं सांगितली होती, म्हणून संध्याकाळी तो कळमन्याच्या बाजारात गेला. तिथंच फोन आला. कळमन्याच्या पुढे एक छोटं रेडिओ केंद्र होतं, भाजीचे भाव, हवामान, शेतकऱ्यांच्या गप्पा असं सांगणारं. चंद्रभान तिथला इंजिनिअर. "सर, आवाज बंद पडला. ट्रान्समीटर लय तापून राहिला." लिंबांची थैली घेऊन तो तसाच तिकडे गेला.

पाहते तर काय, मशीन चालू, पंखा फिरून राहिला, हात लावला तर तवा! अन् पावरचा काटा शून्यावर. तुम्ही म्हणसान, पावर बाहेर जात नाही तर जाते कुठं? कुठं नाही जात. आतच राहते, अन् मशीनले भाजते.

चंद्रभान घाबरणारा गडी नव्हे. त्यानं अँटेनाची वायर काढली अन् तिच्या जागी डमी लोड जोडला. डमी लोड म्हणजे सारी पावर पिऊन घेणारा एक डबा. काटा सटकन पन्नास वॅटवर! मशीन चांगलं होतं तर. खोट वर होती, टॉवरवरच्या वायरीत. त्यानं मशीन बंद केलं अन् मुकुंदले बोलावलं.

मुकुंद म्हणजे प्रेमानंदचा लहान भाऊ. अन् प्रेमानंद म्हणजे चंद्रभानचा जिगरी दोस्त. तो टॉवर प्रेमानंदनंच उभा केला होता, अन् तिथला नियमही त्याचाच. जो वर चढेल, मशीनची चावी त्याच्या खिशात. तो खाली येऊन आपल्या हातानं चावी देईल, तेव्हाच मशीन चालू करायचं. नव्वद फुटांवर अँटेना हातात असताना कोणी पावर सोडली, तर माणूस जळून मरत नाही रे. चटका बसते, अन् हात सुटते. एकवीसच्या एप्रिलमध्ये प्रेमानंद कोरोनानं गेला. शेवटच्या फोनवर धापा टाकत एवढंच बोलला, "मुकुंदले पाहजो." चंद्रभान हो म्हणाला होता.

मुकुंद आला तो टॉवरले बांधून घ्यायचा कमरेचा पट्टा न घेता. "घरी राहिला, दादा. आणू का?"

"आठले पाहुणे बोलणार आहेत. आता टाइम कुठं आहे?"

ही पहिली चूक. मुकुंदनं नवीन वायर खांद्यावर घेतली, चावी खिशात टाकली अन् चढला.

सात अठ्ठेचाळीसले वरून आवाज आला, "झालं, दादा!" चंद्रभाननं वायरीचं खालचं टोक मशीनले जोडलं. मग थांबला. दोन मिनिटं. पाच मिनिटं. दारातून केंद्र सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "चंद्रभानजी, पाहुणे बसलेत हो." ड्रॉवरमध्ये दुसरी चावी होती. बुद्धी कशी फिरते पहा माणसाची! झालं म्हणाला म्हणजे उतरला असेल, हातपाय धुऊन राहिला असेल, असं धरून त्यानं ती चावी लावली… अन् फिरवली.

काटा शून्यावर.

नवीन वायर, तरी शून्य? त्यानं पावर वाढवली. शून्य. आकडे चढून राहिले. पन्नास डिग्री. साठ. सत्तरले मशीन आपोआप बंद व्हायले पाहिजे. झालं नाही. पंच्याहत्तर. जळका वास आला.

टेबलावर एक छोटा रेडिओ होता, आपलं प्रसारण ऐकायले ठेवलेला. त्याची खरखर चालू होती. ती थांबली. एकदम. म्हणजे स्टेशन लागलं. काटा शून्यावर… अन् स्टेशन लागलं.

मग श्वास ऐकू आला.

कोणी तरी धापा टाकत होतं. चंद्रभाननं काचेतून माइकच्या खोलीत पाहिलं. पाहुणे पाणी पिऊन राहिले होते. माइक बंद.

धाप थांबली.

"चंद्रभान… चावी कुठी हाय गा?"

त्यानं हळूहळू मान वळवली. खिडकी. बाहेर अंधार. टॉवरच्या टोकाशी… टॉर्च. हलून राहिला होता.

देवा रे! त्यानं मेन स्विचच खाली ओढला. सारं केंद्र अंधारात. बाहेर पळाला अन् टॉवरखाली उभा राहिला. टॉर्च एक एक पायरी खाली येत होता. ती पाच मिनिटं आपण कशी काढली हे चंद्रभानले आजही सांगता येत नाही.

मुकुंद उतरला. खिशातून चावी काढून त्याच्या हातावर ठेवली. "करा चालू, दादा. वायर लागली, पण अँटेनाचा नट गंजला होता. कधीचा दोन्ही हातांनी अँटेना धरून लटकलो होतो."

चंद्रभाननं त्याले मिठी मारली अन् लहान पोरासारखा रडला. "मी चालू केलं होतं रे. तू वर होता, अन् मी चालू केलं होतं."

टॉर्चच्या उजेडात मुकुंदनं आपले तळवे पाहिले. साधा डागही नव्हता.

त्या रात्री मग कोणी मशीनले हात लावला नाही. सकाळी मुकुंद पट्टा बांधून चढला अन् ती वायर खाली घेऊन आला. त्यानंच काल लावलेली, कोरी वायर. अँटेनाच्या हातभर खाली तिचं काळं रबर वितळून दबलं होतं. एका बाजूले चार खळगे, दुसऱ्या बाजूले एक. कोणी तरी मुठीत करकचून धरून ठेवल्यासारखे.

मुकुंदनं आपली मूठ त्या खळग्यांवर ठेवून पाहिली. त्याची बोटं लहान पडली.